एका शिक्क्याची कुळकथा

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याच्या गराजमध्ये, छपरावरील सौरपट्ट्यांची वीज दिवसा साठवून रात्री घराला पुरविणाऱ्या दोन बॅटऱ्या भिंतीवर एकमेकींपासून वीतभर अंतराने टांगलेल्या आहेत. मोटारीचा धक्का लागू नये म्हणून त्यांच्यापुढे जमिनीत रोवलेला पोलादी खांब, किंवा त्यांच्या कुशीला चिकटविलेली, वर्तुळातील ‘यू एल’ अक्षरांची बोटभर पट्टी, यांपैकी एकाचीही उणीव असती तर नगराच्या तपासनिसाने परवान्यावर सही केली नसती.

या पट्टीचे कूळ १८९३ सालच्या शिकागोत सापडते. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनात लाकूड, प्लास्टर आणि ताग यांनी घाईने उभारलेल्या प्रासादांतून विजेच्या तारांचे असे दाट जाळे पसरले, की आग लागल्यास भरपाईचा भार ज्यांच्या शिरी यायचा त्या विमा कंपन्यांनी धसका घेतला आणि बोस्टनहून विल्यम हेन्री मेरिल या पंचविशीतल्या विद्युत अभियंत्यास पाचारण केले. इतरांनी उभारलेल्या तारा तपासता तपासता त्याच्या मनाने असे घेतले, की वस्तू घरात पोचण्यापूर्वीच, तिच्यावर कोणाचा लोभ जडण्यापूर्वीच, तिला तापवून आणि जाळून पाहिले पाहिजे. मला या मनुष्याविषयी नितांत आदर वाटतो. २४ मार्च १८९४ रोजी त्यासाठी त्याने थाटलेल्या चिमुकल्या प्रयोगशाळेतून पहिला अहवाल बाहेर पडला, तो ॲस्बेस्टॉसच्या रोधक आवरणाविषयी होता. आणि १९०१ मध्ये तिला ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’, म्हणजेच पट्टीवरील ‘यू एल’, या नावाने रीतसर सनद मिळाली.

तारा कशा ओढाव्यात याचे त्या काळी अमेरिकेत पाच निरनिराळे जाबते चालू असल्याने एका गावी शास्त्रोक्त ठरलेले काम दुसऱ्या गावी निषिद्ध ठरे. हा गोंधळ मिटविण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये १८९६ साली भरलेल्या बैठकीनंतर, १८९७ मध्ये राष्ट्रीय विद्युत जाबता सिद्ध झाला. १९११ पासून तो राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या हवाली आहे आणि दर तीन वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. तथापि तो मुळात एका खाजगी संस्थेचा दस्तऐवज आहे. एखाद्या राज्याने किंवा नगराने ठराव करून तो स्वीकारला म्हणजेच त्याला कायद्याचे बळ येते, आणि त्यामुळे शेजारशेजारच्या दोन राज्यांत दोन भिन्न आवृत्त्यांचा अंमल असू शकतो. कॅलिफोर्निया तर त्यात स्वतःच्या दुरुस्त्या घालूनच तो लागू करते.

बॅटरी घरात आली तेव्हा अग्निशमनाच्या आणि निवासाच्या नियमावल्यांतही नवी कलमे आली: घरातील एका बॅटरीची क्षमता २० किलोवॉट-तासांहून अधिक नसावी, गराजमधील सर्वांची बेरीज ८० च्या आत असावी, आणि दोहोंमध्ये ३ फुटांचे अंतर राखावे. मग पुतण्याकडे वीतभरच का? मी विचारले तेव्हा त्याने निर्मात्याच्या कागदपत्रांतील एका परीक्षेकडे बोट दाखविले. तीत एक विद्युतघट हेतुपुरस्सर इतका तापवितात की त्याचा दाह अनावर व्हावा. मग तो शेजारच्या घटात, तेथून संचात, आणि पुढे बाजूच्या बॅटरीपर्यंत पोचतो की वाटेतच विझतो, हे पाहतात आणि बाहेर पडणारा वायूही मोजतात. आग पुढे सरकत नाही असे या परीक्षेत सिद्ध झाले, तर ३ फुटांची अट शिथिल होते. पुतण्याने मोजपट्टी लावून दाखविली: दोहोंमधली फट नऊ इंच भरली, आणि निर्मात्याच्या कागदावरही तेवढीच लिहिलेली होती.