इंग्लंडमधील घराभोवतीचे फुलवाफे : रचना, राखण आणि पुनर्निर्मिती

इंग्लंडमधील उद्यानकलेचा इतिहास सामान्यतः रचनाकारांच्या मतभेदांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एका पिढीने भौमितिक वाफे आखले, दुसरीने ते त्याज्य ठरविले आणि तिसरीने दोहोंचा मेळ घातला, अशी ती मांडणी असते. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे. फुलांचा वाफा वास्तूप्रमाणे एकदा उभारून ठेवता येत नाही. तो दर ऋतूस नव्याने घडवावा लागतो आणि घडविणारे हात थांबले की थोड्याच वर्षांत तणांखाली नाहीसा होतो. साहजिकच वाफ्याची आखणी कोणी केली या प्रश्नाबरोबरच तो कोणाच्या श्रमावर व कोणत्या साधनांवर टिकला, हाही प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकास विचारावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शहरांच्या सीमेवर मध्यमवर्गाची स्वतंत्र घरे उभी राहू लागली. या नव्या घरमालकांस उद्देशून जॉन क्लॉडियस लाउडन याने १८३८ मध्ये उपनगरांतील बागांविषयी सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. बडिंग याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यामुळे घरापुढील हिरवळ राखणे क्रमाक्रमाने सुकर झाले. नॅथॅनिएल वॉर्ड याने शोधलेल्या काचेच्या बंद पेट्यांमुळे परदेशी रोपे दूरच्या सागरप्रवासातही जिवंत राहू लागली. अखेरीस १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाला आणि काचगृह बांधणे पुष्कळ स्वस्त झाले. हिरवळीत कोरलेले भौमितिक वाफे एकेका रंगाच्या रोपांनी गच्च भरून टाकण्याची जी पद्धती व्हिक्टोरियन काळात सर्वत्र रूढ झाली, तिच्यामागे अभिरुचीइतकीच ही भौतिक कारणे होती.

या पद्धतीचे वार्षिक चक्र पाहिले म्हणजे तिचा खर्च ध्यानात येतो. दक्षिण आफ्रिकेतील पेलार्गोनियम किंवा दक्षिण अमेरिकेतील व्हर्बिना व कॅल्सिओलॅरिया यांस इंग्लंडमधील हिमतुषार सोसत नाहीत. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांची छाटकलमे घ्यावयाची, ती हिवाळाभर कोळशाच्या उष्णतेवर काचगृहात जगवावयाची, मे महिन्याच्या अखेरीस ती बाहेर लावावयाची आणि शरदात पहिला तुषार पडताच सर्व उपटून वाफे पुन्हा मोकळे करावयाचे, असा हा क्रम होता. वसंतातील रिकामेपण झाकण्यासाठी ट्यूलिप, हायसिंथ यांसारखे कंद वेगळे लावावे लागत. मोठ्या घरांतून दरसाल हजारो रोपे लागत आणि त्यांची संख्या ही यजमानाच्या प्रतिष्ठेची एक खूण होऊन बसली. स्वस्त कोळसा आणि अल्प वेतनावर राबणारे माळी यांवाचून ही शोभा एक वर्षही टिकली नसती.

या पद्धतीवर सर्वांत कठोर टीका विल्यम रॉबिन्सन (१८३८–१९३५) याने केली. तो स्वतः आयर्लंडमध्ये माळीकाम करून वर आलेला होता, ही गोष्ट येथे विशेष अर्थपूर्ण आहे. ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (१८८३) या ग्रंथांतून त्याने थंडी सोसणाऱ्या, वर्षानुवर्षे जमिनीत राहणाऱ्या फुलझाडांचा पुरस्कार केला. काही महिन्यांच्या शोभेसाठी वर्षभर काचगृहे तापविणे त्यास निरर्थक वाटे. तथापि त्याच्या सुधारणेने श्रम संपले असे म्हणता येत नाही. बहुवर्षायू झाडांचे गड्डे काही वर्षांनी उकरून विभागावे लागतात, उंच देठांस आधार द्यावे लागतात आणि तण तर सतत काढावे लागते. काचगृहातील श्रम कमी झाले, पण वाफ्यातील श्रम वाढले.

याची उत्तम साक्ष गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) हिच्या कार्यात मिळते. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या जेकिलने परगण्यातील मन्स्टेड वुड येथे, म्हणजे सरे प्रांतात, स्वतःची बाग घडविली. तेथील घर १८९६–९७ मध्ये एडविन लट्येन्स याने बांधले. नवी दिल्लीच्या रचनेमुळे हा वास्तुशिल्पज्ञ पुढे भारतात सुपरिचित झाला. जेकिलचा मुख्य वाफा सुमारे २०० फूट लांब व १४ फूट रुंद होता. दोन्ही टोकांस निळसर व करडे रंग, मध्याकडे येताना पिवळा, नारिंगी आणि मध्यभागी तांबडा, अशी त्याची योजना होती. १९०८ च्या ग्रंथात तिने ही योजना सांगितली, आणि ती टिकविण्याच्या युक्त्याही सांगितल्या. मोठ्या पॉपीची पाने सुकली की शेजारची जिप्सोफिला ती जागा झाकी. जिप्सोफिलाचा बहर ओसरला की तिच्यावर नॅस्टर्शियमचे वेल चढविले जात. उरलेल्या मोकळ्या जागी कुंड्यांत वाढविलेली लिली आणून ठेवीत. वाफ्यामागे, भिंतीलगत, समोरून न दिसणारी एक अरुंद वाट होती. मागच्या रोपांपर्यंत पोहोचता यावे एवढाच तिचा उद्देश होता. देखभालीचा विचार रचनेतच किती खोलवर मुरलेला होता, हे या वाटेवरून कळते.

१९१४–१८ च्या महायुद्धात अनेक माळी सैन्यात गेले. त्यांपैकी पुष्कळ परतले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अन्नोत्पादनासाठी फुलवाफ्यांतून भाजीपाला लावण्यात आला. युद्धोत्तर काळात वेतनमान वाढले आणि मोठी घरे राखणे कठीण झाले. जेकिलच्या मृत्यूनंतर मन्स्टेड वुडच्या मिळकतीचेही पुढे विभाजन झाले. रचनाकाराची कीर्ती कायम असतानाच तिच्या बागा लोप पावल्या, ही विसंगती श्रमाचा इतिहास बाजूस ठेवला तर उकलत नाही.

पुनर्निर्मितीच्या प्रयत्नांतही हाच अनुभव येतो. सॉमरसेटमधील हेस्टरकूम येथे लट्येन्स व जेकिल यांनी १९०४ ते १९०८ या काळात रचलेल्या बागेच्या दगडी भिंती, पायऱ्या व पाट मोठ्या प्रमाणात शिल्लक होते, पण लागवड नष्ट झाली होती. जेकिलच्या आराखड्यांच्या आधारे १९७३ पासून तेथे पुनर्लागवड झाली. हँपशरमधील अप्टन ग्रे येथील घराभोवतीची बाग अशीच १९८४ पासून नव्या मालकांनी पूर्वरूपास आणली. तिचे मूळ आराखडे कॅलिफोर्नियातील बर्कली येथील विद्यापीठात होते. अमेरिकन उद्यानरचनाकार बिॲट्रिक्स फॅरँड हिने जेकिलचे कागद विकत घेऊन ते पुढे त्या विद्यापीठास दिले होते. अटलांटिकपलीकडे गेलेल्या कागदांच्या प्रतींवरून इंग्लंडमधील वाफा पुन्हा उभा राहिला, ही घटना दस्तऐवजांच्या जतनाचे मोल दाखविते.

परंतु आराखड्याच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. कोणते रोप कोठे व किती, एवढे तो सांगतो. कोणते केव्हा छाटावे, कशाने झाकावे, किती वर्षांनी उपटावे, हे त्यात नसते. ते ज्ञान जेकिलच्या ग्रंथांतून काही अंशी मिळते आणि उरलेले तिच्या माळ्यांबरोबर गेले. पुनर्निर्मित वाफ्यास म्हणूनच मूळ वाफा मानणे योग्य नाही. त्याला त्या वाफ्याविषयीचा एक अभ्यासपूर्ण तर्क म्हणावे, आणि तो तर्कही रोज राबणाऱ्या माणसांवाचून टिकत नाही. २०२३ मध्ये नॅशनल ट्रस्टने मन्स्टेड वुड ताब्यात घेतले, तेव्हा त्या संस्थेवरही हीच जबाबदारी आली. उद्यानेतिहासाच्या साधनांत आराखडे व ग्रंथ यांबरोबर वेतनपत्रके, रोपांच्या खरेदीच्या वह्या आणि कोळशाचे हिशेब यांस स्थान मिळाल्यास रचनाकारांच्या नावांमागे राहिलेल्या या माणसांचे कार्य अधिक स्पष्ट होईल.