पाण्याचा हक्क आणि पाण्याची जबाबदारी



पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं महाड उभं राहतं. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केलं. पण कागदावरचं पाणी ओंजळीत येईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह ते पाणी प्राशन केलं. पुढं कोर्टकचेरी झाली आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षं लढावं लागलं.

हक्क मिळाला. पण पाणीच थोडं असेल तर ते वाटायचं कसं? हा प्रश्नही जुनाच आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीची हकिगत दिली आहे. शाक्य आणि कोलिय यांचं त्या पाण्यावरून भांडण पेटलं. सिद्धार्थानं युद्धाला विरोध केला, पंच नेमून तंटा मिटवा म्हणून सांगितलं. पाणी हा तलवारीचा विषय नाही, न्यायाचा विषय आहे.

त्या न्यायाचं एक उदाहरण आपल्या शेजारीच घडलं, आणि ते गिरणी कामगारांनी घडवलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. अनेक कामगार सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावी परतले. तिथं दुष्काळ. येरळा नदीतली वाळू मात्र कंत्राटदारांच्या ट्रकमधून चाललेली. वाळू गेली की पाणी मुरत नाही, विहिरी आटतात, हे लोकांनी ओळखलं. मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. डॉ. भारत पाटणकर, इंजिनिअर के. आर. दाते यांची साथ मिळाली. बेताची वाळू विकून आलेला पैसा आणि लोकांचं श्रमदान यांतून 'बळीराजा स्मृती धरण' बांधलं. तत्त्व एकच ठेवलं : पाण्यात सर्वांचा सारखा वाटा, भूमिहीनाचासुद्धा.

त्याआधी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली होती. तिथं पाणी जमिनीच्या एकरावर नव्हे, घरातल्या माणसांवर मोजलं. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनाला वाटा होता आणि उसाला बंदी होती. थोडं पाणी वाटायचं तर पिणाऱ्या पिकाला आवर घालावाच लागतो.

आपण कोल्हापूरकर म्हणू, आम्हाला काय कमी? पण शिरोळ तालुक्यात जादा पाण्यानं जमिनी क्षारपड झाल्या, आणि तिकडं आटपाडीच्या लोकांना पाण्यासाठी वर्षानुवर्षं परिषदा घ्याव्या लागल्या. कृष्णेचं खोरं एकच आहे.

आता घरचं सांगतो. माझ्या घरी नळाला थेट मोटर होती. आमची टाकी भरायची आणि गल्लीच्या शेवटच्या घरात थेंब जात नसे. एकदा तिथली म्हातारी आक्का रिकामी घागर घेऊन दारात आली. बोलली काहीच नाही. मी मात्र शरमलो. ज्यांना पाण्यापासून अडवलं त्यांचीच मुलं आम्ही, आणि आमचीच मोटर दुसऱ्याचं पाणी अडवत होती! दुसऱ्याच दिवशी मोटर काढली.

वर्धापनदिनी एवढंच मागणं आहे. आपापल्या गल्लीतलं शेवटचं घर बघा. तिथं पाणी पोचलं, तरच चवदार तळ्याचं पाणी आपल्यापर्यंत पोचलं असं म्हणता येईल.

जयभीम! नमो बुद्धाय!