दहापैकी आठ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्ये दोन-तीन जणांनी "ब्लॉग बंद केलास का?" असं विचारलं, त्यात एक माझी सख्खी मावशी होती. तेव्हा मावशी, हे तुझ्यासाठी. विषय जरा विचित्र आहे, पण शेवटी आपल्याच घरात येतो.

गेल्या महिन्यात कपाट आवरताना जाड पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद केलेलं एक पुठ्ठ्याचं चित्र हाती लागलं. हवेत झेपावलेला मायकेल जॉर्डन, १९८६ साली फ्लीअर कंपनीने छापलेला. वरच्या पट्टीवर ठसठशीत आकडा, ८. हे चित्र मी फेब्रुवारी २०२१ मध्ये विकत घेतलं. कितीला ते सांगत नाही, कारण हा ब्लॉग सासरची मंडळीही वाचतात. :-) एवढं सांगतो की त्यात ६०० डॉलर माझ्या मुलाचे होते. तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. शेजाऱ्यांचं गवत कापून आणि बर्फ उपसून त्याने ते जमवले होते, आणि "ही स्वस्तात मिळणारी चीज आहे" हे मी त्याला एक्सेलमध्ये आलेख काढून पटवलं होतं.

तो आलेख कुठे चुकला हे समजून घ्यायला मला बरंच मागे जावं लागलं. तेच आज सांगतो.

या चित्रांचा जन्म सिगारेटच्या पाकिटात झाला. पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक कडक पुठ्ठा घालत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर चित्र छापलं तर गिऱ्हाईक पुढचं चित्र मिळवायला पुन्हा पाकीट घेईल, हे कंपन्यांच्या लक्षात आलं. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंची मालिका काढली, तिच्यात आपले रणजितसिंहजीही होते. अमेरिकेत अर्थातच बेसबॉल. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने पाचशेहून अधिक चित्रांचा जो संच काढला, तो आज 'टी२०६' या नावाने ओळखला जातो. हे नाव कंपनीचं नव्हे, जेफरसन बर्डिक नावाच्या एका संग्राहकाचं. या माणसाने अमेरिकेतल्या छापील चित्रांची पद्धतशीर सूची केली आणि आपला तीन लाखांहून जास्त नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकला. गंमत म्हणजे बर्डिकने ही चित्रं वह्यांमध्ये चक्क गोंदाने चिकटवली. आजचा व्यापारी ते ऐकून कपाळाला हात लावेल! पण बर्डिकला चित्रं हवी होती, कोपऱ्यांची धार नको होती.

याच टी२०६ मध्ये पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरचं चित्र आहे. त्याने छपाईला हरकत घेतली. तंबाखूच्या नादी पोरं लागू नयेत म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. पैशांवरून बिनसलं, असंही काही म्हणतात. कारण काही असो, छपाई थांबली आणि आज त्याची जेमतेम साठेक चित्रं ठाऊक आहेत.

दुसरी गोष्ट टॉप्स कंपनीची. १९५२ साली त्यांनी च्युइंगगमबरोबर बेसबॉलचा मोठा संच काढला. त्याची शेवटची तुकडी बाजारात आली तेव्हा मोसम संपत आला होता, पोरं फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. सगळी खटपट करूनही तो खपेना, तेव्हा १९६० साली टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो बार्जवर लादून समुद्रात बुडवला. त्या शेवटच्या तुकडीत ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं चित्र होतं. त्याचाच एक उत्तम राहिलेला नग ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला. तो त्या वेळचा विक्रम. ज्याने विकला त्याने तो १९९१ साली ५० हजारांना घेतला होता.

उरलेलं काम अमेरिकेतल्या आयांनी केलं. मुलगा कॉलेजला किंवा सैन्यात गेला की त्याच्या खोलीतला चित्रांचा खोका कचऱ्यात. इथल्या कुठल्याही सत्तरीतल्या माणसाला विचारा, ही हकीकत तो कळवळून सांगेल. जुनी चित्रं महाग आहेत ती जपल्यामुळे नव्हे, फेकल्यामुळे. ही गोष्ट पुढच्या पिढीला कळली आणि घोळ झाला. १९८० च्या दशकाच्या शेवटी लोक खोकेच्या खोके विकत घेऊन तळघरात ठेवू लागले आणि कंपन्याही तितक्याच उत्साहाने छापत सुटल्या. १९८९ मध्ये अप्पर डेकच्या पहिल्याच संचात केन ग्रिफी ज्युनिअरचं चित्र आलं. खेळाडू अस्सल, चित्र देखणं, पण प्रत्येकाने जपलेलं. १० पैकी १० गुण मिळालेली त्याची चित्रंही आज हजारोंनी आहेत. त्यातच १९९४ च्या ऑगस्टमध्ये बेसबॉल खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली आणि त्या खोक्यांना कोणी विचारेना.

आता गुणांविषयी. जुनं चित्र घेताना भीती दोन गोष्टींची. एक, ते बनावट तर नाही? दुसरी, कोणी कडा छाटून नवे तर केले नाहीत? नाण्यांच्या व्यापारातल्या डेव्हिड हॉल यांनी १९९१ साली पीएसए ही कंपनी काढली. तुम्ही चित्र पाठवायचं, त्यांनी कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि मधोमधपणा तपासून १ ते १० पैकी गुण द्यायचे आणि प्लॅस्टिकमध्ये सील करायचं. शिवाय कुठल्या चित्राला कोणता गुण किती वेळा दिला याची मोजदाद सगळ्यांसाठी खुली. कल्पना फारच चांगली. न पाहिलेल्या माणसाकडून न पाहिलेली वस्तू घेता येऊ लागली.

पीएसएने सील केलेलं पहिलंच चित्र होतं टी२०६ वॅग्नर. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ साली सदबीजच्या लिलावात ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. गुण मिळाले ८. ऐंशी वर्षांपूर्वीच्या सिगारेटच्या पुठ्ठ्याला ८! त्या आकड्याने चित्राचं नशीब पालटलं. २००० साली ते ईबेवर साडेबारा लाखांहून जास्त किमतीला गेलं आणि २००७ मध्ये २८ लाखांना. कडा जरा जास्तच सरळ आहेत, अशी कुजबुज मात्र कायम होती. शेवटी २०१३ साली बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबूल केलं, की ग्रेट्झकीच्या आधी ते चित्र आपल्याकडे होतं आणि आपणच त्याच्या कडा छाटल्या होत्या. म्हणजे या सगळ्या पद्धतीचा पहिला मानकरीच छाटलेला निघाला! छाटलेल्या चित्राला नियमाप्रमाणे गुणच मिळत नाहीत.

असो. आता माझा आलेख.

जानेवारी २०२१ च्या शेवटी जॉर्डनचं १० गुणांचं चित्र ७ लाख ३८ हजार डॉलरला गेलं. करोनाचा काळ, सगळे घरात, हातात पैसे. मी जुन्या विक्रींचे आकडे काढले. ८ गुणांचं चित्र पूर्वी १० च्या ज्या प्रमाणात विकलं जायचं, त्या हिशेबाने ते आता फारच खाली होतं. म्हणजे ते वर येणार, म्हणजे आत्ता स्वस्त आहे, घेऊन टाका. मुलाने विचारलं होतं, "बाबा, पण आठवाली किती आहेत?" मी म्हटलं, ते महत्त्वाचं नाही. ती हजारोंच्या घरात आहेत, हे पीएसएच्या मोजदादीत दिसत होतं. मार्चमध्ये तर एवढी चित्रं तपासायला आली की पीएसएला बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवावी लागली. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं, की ही रांग म्हणजे बाजारात येऊ घातलेला माल आहे.

प्रमाण शेवटी जुळलं, पण ८ वर येऊन नव्हे, १० खाली येऊन. वर्षाच्या आत १० गुणांचं चित्र निम्म्याहून खाली आलं, आणि त्याच्या मागोमाग आमचंही. मी 'स्वस्त' ठरवलं होतं ते एका फुगलेल्या किमतीच्या तुलनेत. वर लिलाववाल्यांचं कमिशन, विमा, आणि नफा झालाच तर अशा संग्राह्य वस्तूंवर इथे २८ टक्क्यांपर्यंत लागणारा कर. यातलं काहीही माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं.

मुलगा काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. पुढची दोन वर्षं त्याने माझ्याशी पैशांची गोष्ट काढली नाही. कॉलेज निवडतानासुद्धा कर्जाचा हिशेब त्याने स्वतःच कागदावर मांडला आणि मला फक्त उत्तर दाखवलं.

चित्रांचा नाद मात्र त्याने सोडला नाही. मागच्या उन्हाळ्यात मला एका कार्ड शोला घेऊन गेला. मी सवयीने आकडे वाचत चाललो होतो. तो प्रत्येक चित्र उजेडात तिरकं धरून बघत होता. शेवटी त्याने १९५६ सालचं टॉप्सचं रोबेर्तो क्लेमेंतेचं चित्र घेतलं. क्लेमेंतेसुद्धा पिट्सबर्गचाच. १९७२ च्या शेवटच्या दिवशी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. गुण फक्त ३. "बघ," तो म्हणाला, "समोरून रंग ताजे, चित्र बरोब्बर मधोमध. गुण कापलेत ते मागच्या बाजूच्या घडीमुळे. शेजारचंही तीनच आहे, ते बघ कसलं मळलंय. किंमत दोघांची सारखीच." एकाच आकड्याच्या आत इतकं अंतर असू शकतं हे माझ्या आलेखात दिसण्यासारखं नव्हतं. ते बघावंच लागतं. भाव वाढेल का, असं मी विचारलं. "माहीत नाही. मला विकायचं नाहीये."

तर परवा कपाटात जॉर्डन सापडल्यावर मी त्याला फोन केला आणि म्हटलं, तुझे ६०० डॉलर मी परत करतोय, चार वर्षं उशीर झाला. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तीनशे दे. आठवाली किती आहेत ते मी पण बघितलं होतं. मी तुझं ऐकलं." तीनशे पाठवले.

त्याच रात्री आईला फोन लावला. १९८९ साली आम्ही गिरगावातून डोंबिवलीला गेलो तेव्हा माझा एक पत्र्याचा डबा गेला, बबलगमबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांनी भरलेला. पस्तीस वर्षं मी तिला त्यावरून टोमणे मारतोय. अमेरिकेतल्या आयांची सगळी कथा सांगून म्हटलं, बघ, तू डबा फेकला नसतास तर!

"डबा कुठे फेकला?" आई म्हणाली. "डबा चांगला होता. मोहरी ठेवते मी त्यात. ती चित्रं तेवढी टाकली."