शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा पुनर्वापर

निकामी बॅटऱ्यांतील शिसे वितळवून पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये बनवली (→ विद्युत् घट). मोटारी व इन्व्हर्टर यांमुळे विकसनशील देशांत शिशाची मागणी वाढली. बंदिस्त कारखान्यात धूर गाळतात; घरगुती भट्टीत मात्र बॅटरी फोडून आम्ल जमिनीवर ओततात आणि शिशाच्या पट्ट्या उघड्यावर वितळवतात. धूळ अंगण, कपडे व हातांवाटे मुलांच्या पोटात जाते; त्यांचे शरीर प्रौढांपेक्षा अधिक शिसे शोषते. रक्तक्षय, झटके व मेंदूची कायमची हानी संभवते (→ शिसे विषबाधा). सेनेगलमध्ये डाकारनजीकच्या अशा वस्तीत नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात १८ बालके दगावली. भारतात २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांवर प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.