एका रिकाम्या स्लॉटची पूर्वपीठिका

"भाऊ, आठ जीबीत व्हीएम चालते काय?"

बुलढाण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हे विचारणारा मुलगा देऊळघाटहून कॉलेजला येणारा असू शकतो, तसाच धाडकडचा किंवा चिखलीकडचाही. लॅपटॉप सेकंड हँड, एखाद्या मोठ्या शहरातल्या ऑफिसातून निघालेला. अभ्यासक्रमात लिनक्स आलेलं आहे, पण विंडोज पुसून टाकता येत नाही, कारण घरातल्या सगळ्यांचे ऑनलाइन फॉर्म त्याच मशीनवर भरले जातात. मग व्हर्च्युअलबॉक्स टाकायचं आणि विंडोजच्या पोटात उबुंटू बसवायचं. ते सुरू केलं की माउसचा बाण जागच्या जागी थिजतो. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं : "चालते, पण रॅम टाकून घे."

या सल्ल्यात दोन घराणी एकत्र येतात. एक मेमरीचं, दुसरं आभासी मशीनचं, म्हणजे व्हीएमचं. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी जन्मली, वेगवेगळ्या वेगाने वाढली, आणि त्यांची सोयरीक मात्र सुरुवातीपासूनच कटकटीची राहिली.

मेमरीचं घराणं आपल्याकडे मुंबईत पाहायला मिळतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने स्वतः बांधलेलं मोठं संगणकयंत्र १९६० साली कामाला लागलं. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिलं. त्याची मेमरी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कड्यातून तारा ओवलेल्या, आणि एका कड्यात एक बिट. कडं एका दिशेने चुंबकित झालं तर शून्य, उलट दिशेने झालं तर एक. टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे ८१,९२० बिट. आजच्या हिशेबात दहा किलोबाइट. देऊळघाटच्या मुलाला जी आठ जीबी कमी पडते, ती याच्या सव्वाआठ लाख पटींहूनही जास्त आहे. तरी टिफ्रॅकवर खरं संशोधन झालं. हे सांगून त्या मुलाला लाजवायचं कारण नाही. त्या काळी यंत्रावर एका वेळी एकच काम बसत असे.

कड्यांच्या मेमरीला एक मोठा गुण होता : वीज गेली तरी ती विसरत नसे. खोडही होती. वाचताना कड्यातली नोंद पुसली जाई, म्हणून वाचून झालं की तीच नोंद पुन्हा लिहावी लागे. या पुन्हा लिहिण्याची युक्ती अमेरिकेत ॲन वँग यांनी शोधली आणि १९४९ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. कड्यांची जाळी करून त्यांतलं नेमकं एक कडं कसं गाठायचं, हे एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी सोडवलं. वँग यांचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे वेगळ्याच वाटेने परत येणार आहे.

१९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचलं की एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र पुरे. दोन वर्षांनी त्यांना पेटंट मिळालं. १९७० साली इंटेलने '११०३' ही चिप बाजारात आणली. तिच्यात १,०२४ बिट होते. पुढच्या काही वर्षांत कड्यांचा धंदा बसला. गंमत अशी की नवी मेमरी जुनीपेक्षा विसराळू होती. धारित्रातला भार गळत राहतो, म्हणून आजच्या रॅममध्येही प्रत्येक ओळ साधारण ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरून काढावी लागते, आणि वीज गेली की सारंच जातं. जिंकली ती स्वस्ताईच्या आणि आटोपशीरपणाच्या जोरावर.

आता दुसरं घराणं. १९६० च्या दशकात एक संगणक म्हणजे प्रचंड भांडवल, आणि त्याच्यासमोर रांगेत उभे असलेले अनेक लोक. केंब्रिजमधल्या आयबीएमच्या केंद्रात रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० नावाची प्रणाली लिहिली. १९६७ च्या आरंभी ती रोजच्या वापरात आली. तिने एकाच यंत्रावर १४ आभासी यंत्रं उभी केली. प्रत्येकाला वाटावं, आपल्या हाती अख्खा संगणक आहे. त्या प्रत्येकाला २५६ किलोबाइट मेमरी दाखवली जाई, आणि खालच्या खऱ्या यंत्राला, म्हणजे सिस्टिम ३६० मॉडेल ४० ला, एकूण मेमरीच जास्तीत जास्त २५६ किलोबाइट बसत असे! बाकीचं सगळं डिस्कवर ढकलायचं, लागेल तेव्हा आत आणायचं आणि बोलवता धनी कोण हे कळू द्यायचं नाही. पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, आयबीएमने व्हीएम/३७० म्हणून हीच गोष्ट गिऱ्हाइकांना विकायला काढली.

या सोंगातच आजच्या दुखण्याचं मूळ आहे. आमच्या भागात सोयाबीनच्या हंगामात एक मळणीयंत्र सहा शेतांत पाळीपाळीने फिरतं आणि कुणाचं फारसं अडत नाही. पण सहाही जणांनी आपल्या गंज्या एकाच ताडपत्रीवर आणून टाकल्या तर? प्रोसेसर हे मळणीयंत्र आहे. त्याचा वेळ सेकंदाच्या बारीक तुकड्यांत वाटता येतो. रॅम ही ताडपत्री आहे. उबुंटूने दोन जीबी अडवले की उबुंटू नुसतं स्वस्थ बसलेलं असलं तरी ते बहुतांशी अडलेलेच राहतात. व्हीएमवाल्यांनी ही जागा सोडवून घ्यायचे पुष्कळ उपाय केले. २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी मांडलेला 'बलूनिंग'चा उपाय तर फार चलाख आहे : पाहुण्या यंत्राच्या, म्हणजे आभासी मशीनच्या, आत एक फुगा फुगवायचा, म्हणजे मेमरी संपत आली असं समजून ते मेमरीची बिनकामाची पानं आपणहून सोडून देतं. पण फुगा तरी किती फुगवणार?

त्याच्या कितीतरी आधी उलट्या दिशेचा खटाटोप पुण्यात झाला होता. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. आभासी मशीनवाले एकाचे अनेक करत होते, तर भटकरांच्या मंडळींनी ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर जोडून एक मोठं यंत्र केलं. तिथेही मेमरी सामायिक नव्हती, प्रत्येक प्रोसेसरला त्याची स्वतःची द्यावी लागली. मला हा योगायोग वाटत नाही.

छोट्या पीसीवर आभासी मशीन यायला मात्र उशीर झाला. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी प्रोसेसर कसा असला म्हणजे तो सरळपणे आभासी करता येतो, याच्या अटी लिहून ठेवल्या होत्या. इंटेलचे पीसीतले प्रोसेसर त्या अटींत बसत नव्हते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून ही भिंत ओलांडली. इंटेलने स्वतः प्रोसेसरमध्ये सोय दिली ती २००५ च्या अखेरीस. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स खुलं झालं आणि विद्यार्थ्याला फुकट मिळू लागलं. पण तेव्हाच्या बहुतेक विंडोज ३२ बिटांच्या, म्हणजे चार जीबीच्या कुंपणात अडकलेल्या होत्या.

आणि आता वँग. पूर्वीच्या पीसीत मेमरीच्या चिपा एकेक करून बोर्डावर खोचाव्या लागत. १९८३ च्या सुमारास वँग लॅबोरेटरीज या कंपनीतल्या जेम्स क्लेटन यांनी नऊ चिपा एका छोट्या पट्टीवर बसवल्या, म्हणजे पट्टी घातली की काम झालं. तिला सिम म्हणत (मोबाइलच्या सिमशी तिचं नातं नाही). कंपनी ॲन वँग यांचीच. कड्यांची मेमरी रुळवणाऱ्या माणसाच्या घरातूनच, ती मेमरी मोडीत निघाल्यावर, आजच्या रॅमच्या पट्टीचा पूर्वज निघाला. लॅपटॉपमधली आखूड पट्टी ही त्याच कुळातली.

दुकानात फसगत होते ती या पट्टीच्या पिढ्यांमुळे. डीडीआर३ ला दीड व्होल्ट, तिच्या 'एल' जातीला १.३५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. खाच दर पिढीत थोडी सरकवलेली असते ती चुकीची पट्टी बसूच नये म्हणून. तरी जोर लावणारे भेटतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट आहेत आणि किती भरले आहेत हे लिहिलेलं असतं. लॅपटॉप खोलण्याआधी ते पाहावं. बायॉसमधली व्हर्च्युअलायझेशनची सोयही बऱ्याच मशीनवर बंदच असते, आणि दोष मात्र रॅमवर जातो.

सेकंड हँड लॅपटॉपला नावं ठेवणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं : ऑफिसातून निघालेल्या त्या जाडजूड मशीनमध्ये बहुधा दोन स्लॉट असतात. नव्या, पातळ, देखण्या लॅपटॉपपैकी अनेकांत रॅम बोर्डावर झाळलेली असते. ॲपलने २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये तेच केलं, आणि मग इतर कंपन्यांच्या पातळ लॅपटॉपांतही ते वाढत गेलं. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर.

त्यात आता भावाची भर पडली आहे. २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव चढले, कारण कारखान्यांचा ओढा एआयच्या सर्व्हरांना लागणाऱ्या मेमरीकडे वळला. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने साध्या गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशल' हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. आभासी मशीनांनी भरलेली डेटा सेंटरं आणि घाटावरच्या लॅपटॉपातला रिकामा स्लॉट हे आता एकाच बाजारातले गिऱ्हाईक आहेत, आणि कुणाची पत मोठी हे सांगायला नको.

तेव्हा पट्टी परवडेपर्यंत पाहुण्याची भूक कमी करणं आपल्या हातात आहे. चित्रांचा डेस्कटॉप असलेलं उबुंटू कित्येक जीबी मागतं. नुसत्या काळ्या पडद्याचं सर्व्हर उबुंटू एका जीबीतही तग धरतं. सीपी-४० च्या १४ आभासी यंत्रांवर बसणारेही टंकलेखनयंत्रासारख्या टर्मिनलवर अक्षरंच बडवत होते. आणि परीक्षेला विचारल्या जाणाऱ्या बहुतेक आज्ञा तर तशाही काळ्या पडद्यावरच द्यायच्या असतात.