‘जिरो’ : अल्बेनियातली संध्याकाळची फेरी आणि तिच्यामागचा समाज

अल्बेनिया हा युरोपातला, इटलीच्या समोरच्या किनाऱ्यावरचा छोटासा देश. 2023 च्या जनगणनेनुसार इथली लोकसंख्या सुमारे 24 लाख आहे. आपल्या नागपूर शहरात 2011 साली साधारण एवढेच लोक राहत होते. चार शतकांहून अधिक काळ हा मुलूख उस्मानी सल्तनतीत होता आणि 1912 मध्ये स्वतंत्र झाला. युरोपात लोकसंख्येतलं मुस्लिमांचं प्रमाण सर्वात मोठं असलेल्या मोजक्या देशांत त्याची गणना होते. या देशाबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं जात नाही. लिहिलंच तर राजकारण नाहीतर मदर तेरेसांचं मूळ, एवढ्यावर गाडी थांबते. आम्ही आज तिथल्या एका साध्या सवयीबद्दल लिहितोय. संध्याकाळ झाली की सगळं गाव कपडे बदलून मुख्य रस्त्यावर येतं आणि तोच रस्ता वरून खाली, खालून वर, पुन्हा पुन्हा चालतं. याला ते ‘जिरो’ म्हणतात. (यातला ‘ज’ आपल्या ‘जिल्हा’मधला.)

शब्द इटालियन ‘जिरो’वरून आलेला, अर्थ फेरी किंवा वळसा. आजच्या अल्बेनियन भाषेत तो बऱ्याच कामांना येतो. दुकानाची वर्षभराची उलाढाल हीसुद्धा ‘जिरो’च. पण ‘चल, एक जिरो मारून येऊ’ असं कोणी म्हणालं की अर्थ एकच. कोसोवो आणि उत्तर मॅसेडोनियातले अल्बेनियन याच फेरीला ‘कोर्झो’ म्हणतात. भूमध्य समुद्राभोवती ही सवय बहुतेकांना आहे. इटलीत ‘पासेज्जाता’, स्पेनमध्ये ‘पासेओ’, ग्रीसमध्ये ‘वोल्ता’. आपल्याकडचा सर्वात जवळचा शब्द शतपावली, पण ती जेवण जिरवण्यासाठी आणि बहुतेक वेळा घराच्या अंगणात किंवा गच्चीत. जिरोला पोटाशी काही देणंघेणं नाही. तिथे माणसं भेटायला निघायचं असतं, चालणं हे निमित्त.

वेळ घड्याळापेक्षा सूर्यावर ठरते. अल्बेनियात डिसेंबरात सूर्य सव्वाचारच्या आसपास मावळतो आणि जूनमध्ये सव्वाआठच्या सुमारास. त्यामुळे थंडीत जिरो लवकर उरकतो. उन्हाळ्यात मात्र तो खरा फुलतो. दुपारभर रस्ते ओस, खिडक्यांची दारं ओढलेली, आणि ऊन उतरलं की एकदम गर्दी. मगरिबच्या आगेमागे रस्ता भरतो, इशा होऊन गेली तरी लोक असतात.

बाहेरून येणाऱ्याला आधी दिसतात ते कपडे. घरचे कपडे घालून जिरोला कोणी जात नाही. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, मुलांचे विंचरलेले केस. म्हातारे मागे हात बांधून, मित्राच्या चालीशी चाल जुळवत. बायका एकमेकींच्या हातात हात घालून. कुटुंबं आडवी रांग करून. सूर्यफुलाच्या बिया फोडत चालायचं ही तिथली जुनी सवय. सोबत विस्तवावर भाजलेली मक्याची कणसं, पॉपकॉर्न, आइस्क्रीम. खर्च म्हणाल तर एवढाच. ज्याच्या खिशात काही नाही त्यालाही या रस्त्यावर दोन तास इतरांच्या बरोबरीने घालवता येतात, आणि आमच्या मते जिरो इतका टिकला त्याचं एक मोठं कारण हेच आहे.

प्रत्येक गावाचा जिरोचा रस्ता ठरलेला. दक्षिणेतल्या कोर्चा शहरात तो सेंट जॉर्ज बुलेव्हार्ड. व्लोरा, दुर्रस आणि सारांदा ही किनाऱ्यावरची गावं, तिथे लोक समुद्राकाठच्या फरसबंदीवर चालतात. अनेक ठिकाणी संध्याकाळपुरती वाहनं बंद केली जातात.

आम्हाला सगळ्यात रंजक वाटतं ते बेरात. ओसूम नदीकाठचं हे गाव ‘हजार खिडक्यांचं शहर’ म्हणून प्रसिद्ध आहे. डोंगरउतारावरच्या पांढऱ्या उस्मानी घरांच्या खिडक्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात. 2008 मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. त्या घरांच्या पायथ्याशी नदीला समांतर रिपब्लिका बुलेव्हार्ड जातो आणि संध्याकाळी अख्खं बेरात त्यावर असतं. जवळच एक छोटी रंगवलेली मस्जिद आहे, 1827-28 च्या सुमारास बांधलेली. तिचं नाव ‘अविवाहितांची मस्जिद’. बाजारातल्या दुकानांवर काम करणाऱ्या, लग्न न झालेल्या तरुणांसाठी ती बांधली गेली असं सांगतात. अविवाहित माणसाला अल्बेनियनमध्ये जो शब्द आहे तो तुर्कीतल्या ‘बेकार’वरून आला, आणि तुर्कीत तो आला फारसीतून. फारसी ‘बेकार’ म्हणजे काम नसलेला. आपण मूळ अर्थ ठेवला, तुर्कांनी आणि अल्बेनियनांनी त्याचा अर्थ ‘बिनलग्नाचा’ केला. या दोन अडचणींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे आपल्याकडे रिश्ते जुळवणाऱ्या खालांना वेगळं सांगायला नको!

असे शब्द आणखी बरेच आहेत. दुकान, बाजार, मोहल्ला, चाय हे सगळे थोड्याफार फरकाने अल्बेनियनमध्ये आहेत. पण एक शब्द जिरोच्या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखा. ‘मुहाबेत’. शब्द आपल्या मोहब्बतचाच. पण अल्बेनियनमध्ये ‘मुहाबेत करणं’ म्हणजे निवांत गप्पा मारणं. जिरो संपल्यावर किंवा मध्येच कॉफीच्या टेबलावर बसून जे चालतं ते मुहाबेत.

मस्जिदी बंद होत्या तेव्हा

जिरोकडे नुसती करमणूक म्हणून पाहिलं तर अर्धी गोष्ट सुटते. दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बेनियात एन्व्हर होजाची कम्युनिस्ट राजवट आली. 1967 मध्ये तिने सगळ्या धर्मांवर बंदी घातली. दोन हजारांहून अधिक मस्जिदी, तेक्के, चर्च आणि मठ बंद झाले. काही पाडले, काहींची गोदामं झाली. श्कोदर शहरातल्या कॅथलिक कॅथीड्रलचं क्रीडागृह करण्यात आलं. 1976 च्या घटनेत तर राज्य कोणताही धर्म मानत नाही असं लिहूनच टाकलं. नमाज, रोजा, मुलाचं इस्लामी नाव, ईदचं एकत्र जेवण, सगळंच धोक्याचं. हाफिज साबरी कोची यांच्यासारख्या आलिमांनी वीस वर्षांच्या आसपास तुरुंगात काढली.

आता विचार करा. जुम्याला जमायची जागा गेली. दर्गे आणि तेक्के गेले. घरात चार माणसं जमली तर शेजारी खबर देईल ही भीती. गुप्तपोलिसांनी म्हणजे ‘सिगुरिमी’ने भिंतींत ऐकण्याची यंत्रं बसवलेली, ती आज तिरानातल्या ‘पानांचं घर’ नावाच्या संग्रहालयात पाहायला मिळतात. खासगी मोटारगाडी ठेवायला 1991 पर्यंत बंदी होती. घरं लहान, एकेका फ्लॅटमध्ये दोन-तीन पिढ्या. उरला तो संध्याकाळचा रस्ता, रिकामा, गाड्या नसलेला. तिथे चालायला कोणी मना करत नव्हतं.

रस्त्यावर मोकळीक होती असं मात्र नाही. 1973 नंतर ‘परदेशी वळणा’विरुद्ध मोठी मोहीम निघाली, तरुणांचे लांब केस आणि रुंद पायांच्या पँटी हासुद्धा गुन्ह्यासारखा प्रकार झाला. रस्त्यावर खबरे होतेच. पण चालत्या दोन माणसांचं बोलणं चोरून ऐकणं भिंतीत यंत्र बसवण्याइतकं सोपं नाही. शिवाय रोज दिसणारा माणूस आज दिसला नाही, हे सगळ्यांच्या लक्षात यायचं. विचारायची सोय नव्हती, पण कळायचं. तिरानात तर शहराचा एक भागच लोकांना बंद होता. ‘ब्लोकू’ नावाच्या त्या वस्तीत फक्त पक्षाचे बडे नेते राहत. आज तिथेच कॉफीची सर्वाधिक दुकानं आहेत आणि तरुणांची संध्याकाळ तिथेच जाते.

16 नोव्हेंबर 1990 रोजी श्कोदरच्या शिशाच्या मस्जिदीत (घुमटांवरच्या शिशाच्या पत्र्यामुळे तिला हे नाव) हाफिज साबरी कोची यांनी जुम्याची नमाज पढवली. तेवीस वर्षांनी. दोनच महिन्यांनी, 18 जानेवारी 1991 रोजी, तिरानात हजारो लोक एथेम बे मस्जिदीत शिरले. सरकारी परवानगी नव्हती, पोलिसांनी अडवलं नाही. ही मस्जिद शहराच्या मधोमध, स्कंदरबेग चौकात आहे. 2017 मध्ये तो चौक पूर्णपणे पायी चालणाऱ्यांचा केला गेला. आता संध्याकाळी तिथे मुलं सायकली फिरवतात, आजीआजोबा बाकांवर असतात आणि मगरिबची अजान त्यांच्यावरून जाते.

या बंदीचा परिणाम अजून संपलेला नाही. 2011 च्या जनगणनेत सुमारे 57 टक्के लोकांनी स्वतःला मुस्लिम नोंदवलं. 2023 मध्ये सुन्नी मुस्लिम सुमारे 46 टक्के आणि बेक्ताशी पाचच्या जवळ. दोन पिढ्या दीनच्या तालीमशिवाय वाढल्या. तरीही त्यांच्यात शेजारधर्म, सलामदुआ, वडीलधाऱ्यांचा मान या गोष्टी शिल्लक राहिल्या, आणि त्यात रोजच्या त्या रस्त्याचा वाटा आहे असं आम्हाला वाटतं.

श्कोदरमध्ये हे चांगलं दिसतं. जिरोचा रस्ता चित्रकार आणि वास्तुरचनाकार कोल इद्रोमेनो यांच्या नावाचा. त्याच्या लगत अबू बक्र मस्जिद. 1995 मध्ये पुन्हा उभी राहिलेली. काही मिनिटांच्या अंतरावर फ्रान्सिस्कन चर्च. शहरात मुस्लिम आणि कॅथलिक दोघांची मोठी वस्ती, आणि फेरी एकच. रमजानमध्ये तरावीहनंतर रस्ता पुन्हा भरतो. त्या गर्दीत कोण कुठून आलं हे ओळखायचं कसं, आणि ओळखून करायचं काय?

सगळीकडे असं गोड चित्र नव्हतं, हेही सांगायला हवं. कोसोवोची राजधानी प्रिश्टिना, युगोस्लावियाचा काळ. तिथल्या कोर्झोवर अल्बेनियन एका बाजूने चालत आणि सर्ब दुसऱ्या बाजूने. रस्ता एक, वेळ एक, आणि मध्ये न आखलेली रेघ. पुढे 1998-99 मध्ये जे युद्ध झालं त्याची चाहूल त्या रस्त्यावर चालणाऱ्यांना आधीच लागली असणार.

नजर आणि रिश्ते

जिरोचं एक काम सगळे जाणतात, मोठ्याने कोणी बोलत नाही. मुलामुलींनी एकमेकांना पाहणं. पूर्वी लग्न जुळवणारा मध्यस्थ, ज्याला अल्बेनियनमध्ये ‘श्कुएस’ म्हणतात, दोन घरांत निरोप नेत असे. जिरोमुळे मुलगी कोणाची, मुलगा कसा चालतो-बोलतो, त्याची संगत कोणती, हे दोन्हीकडच्या मावश्या-आत्यांना रस्त्यावरच कळायचं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमापेक्षा हे बरं की वाईट, यावर घरोघरी वाद होऊ शकतो. मुलीच्या अंगाने पाहिलं तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. कॉफीची दुकानं, विशेषतः लहान गावांत, बराच काळ पुरुषांची राहिली. अंधार पडल्यावर बाईने निर्धास्त बाहेर असण्याची जागा म्हणजे हा रस्ता. आईसोबत, बहिणीसोबत, आणि पुढे एकटीनेही.

त्याची किंमतही तिनेच मोजली. कोण कोणाबरोबर दिसली, किती वेळ बोलली, कपडे कसे होते, याची चर्चा दुसऱ्या दिवशी गावभर. ज्या डोळ्यांमुळे ती सुरक्षित, तेच डोळे तिच्यावर पहारा ठेवणारे. लहान गावातून तिरानाला गेलेल्या मुली तिथल्या अनोळखी गर्दीत सुटकेचा श्वास घेतात, त्याचं कारण समजण्यासारखं आहे.

रस्त्यावर बसण्याबद्दलची हदीस आपल्या वाचकांना माहीत असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्यावर बैठक मारू नका असं सांगितलं, तेव्हा सहाबांनी अर्ज केला की आमच्या गप्पांची जागाच ती आहे. मग रस्त्याचा हक्क अदा करा, असा हुकूम झाला : नजर खाली ठेवणं, कोणाला त्रास न देणं, सलामला जवाब देणं, भल्याची शिकवण देणं आणि वाइटापासून रोखणं. जिरोला या मापाने तोललं तर सलामच्या बाबतीत तो पैकीच्या पैकी गुण घेतो. नजरेच्या बाबतीत प्रत्येकाने आपला हिशेब पाहावा.

आजचा जिरो

फेरी थांबली ती वाईट काळातच. 1997 च्या सुरुवातीला बनावट गुंतवणूक योजना कोसळल्या, हजारो कुटुंबांची आयुष्यभराची बचत बुडाली, लष्कराची शस्त्रागारं लुटली गेली. मार्चमध्ये आणीबाणी आणि रात्रीची संचारबंदी लागली. गोळीबाराच्या आवाजात कोण फिरायला निघणार? नंतर 2020 मध्ये कोरोनाने पुन्हा रस्ते रिकामे केले.

आता खरी अडचण गाड्यांची आहे. ज्या देशात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी स्वतःची गाडी ठेवता येत नव्हती तिथे आज पार्किंगला जागा नाही. तरुण पोरं गाडीतून, काचा खाली करून, गाणी लावून त्याच रस्त्याच्या चकरा मारतात. त्यालाही ते जिरोच म्हणतात, पण गाडीतून ‘कसं काय’ विचारता येत नाही. तिरानात मॉल आले, लोक शहरभर विखुरले. लहान गावांची अडचण याहून मोठी, तिथे चालणारेच कमी झालेत. 1991 पासून लाखो लोक इटली, ग्रीस आणि पुढे जर्मनीला गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘व्लोरा’ नावाच्या एकाच जहाजातून सुमारे वीस हजार माणसं इटलीच्या बारी बंदरात उतरली होती. आखातात माणसं पाठवलेल्या आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांना हे रिकामपण समजावून सांगावं लागणार नाही.

ऑगस्टमध्ये मात्र सुटीवर सगळे परततात आणि महिनाभर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. मिलान नाहीतर अथेन्समध्ये जन्मलेली नातवंडं आजोबांचा हात धरून चालतात. त्यांची अल्बेनियन अडखळती असते. समोरून येणारा म्हातारा थांबतो, पोराकडे पाहतो आणि पहिला प्रश्न विचारतो : तू कुणाचा रे? पोरगं आजोबांकडे बघतं. आजोबा पणजोबांचं नाव सांगतात, मग मोहल्ल्याचं. म्हाताऱ्याला ओळख पटते आणि तिघं पुढची फेरी एकत्र मारतात.