शरणपूरची लेक, रबाईची आई

देवगाव रंगारीहून निघा. आधी खुलताबादला जा आणि मलिक अंबराच्या कबरीपाशी थोडं थांबा. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात दख्खनला पोचलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली. तुम्ही आज जिल्ह्याच्या कामासाठी ज्या शहरात जाता, ते हेच. त्याची बायको बीबी करीमा हिची कबरही जवळच आहे. आफ्रिकेतून माणसं विकून आणण्याचा आणि आपल्या मुलखाचा संबंध इतका जुना आहे, एवढं लक्षात ठेवा आणि पश्चिमेचा रस्ता धरा.

वैजापूर मागे पडतं. येवल्याच्या अलीकडे निजामाचा मुलूख संपतो आणि इंग्रजांचा सुरू होतो, कारण आता साल १८६० आहे. नाशिक शहराबाहेर शरणपूर नावाची वस्ती आहे. विल्यम सॉल्टर प्राइस या चर्च मिशनरी सोसायटीच्या पाद्र्याने ती काही वर्षांपूर्वी उभी केली. चर्च, शाळा, सुताराचा आणि लोहाराचा कारखाना, आणि धर्मांतरामुळे घर तुटलेल्या माणसांची घरं. याच वर्षी मुंबईतली, गुलामीतून सुटका झालेली आफ्रिकन मुलं इथे हलवली गेली आहेत. त्यांची जबाबदारी इसेनबर्ग या जर्मन पाद्र्याकडे आहे, तो स्वतः पूर्वी इथिओपियात राहिलेला.

इथून पुढे तुम्ही वाचक नाही. तुम्ही दहाएक वर्षांची मुलगी आहात. तुम्हाला मी नाव देत नाही, कारण तुम्ही एकटी नाही. शरणपुरात वाढून पुढे आफ्रिकेत गेलेल्या अनेकींची मिळून तुम्ही एक आहात.

गाव आठवतं ते तुकड्यातुकड्यांत. झोपडीला लागलेली आग. एका ओळीत, मानेला लाकूड अडकवून चाललेली माणसं. किनारा. मग होडीच्या तळाशी अंधार, इतकी दाटी की कूस बदलता येत नाही. एके दिवशी तोफेचा आवाज, वर लाल तोंडाचे खलाशी. इंग्रजी गस्तीच्या जहाजाने तुमची होडी पकडली. तुम्हाला मुंबईला आणलं. घरी कुणी पोचवलं नाही. घर कुठे आहे ते तुम्हाला सांगता येत नव्हतं, आणि सांगता आलं असतं तरी तिकडे गुलाम धरणाऱ्यांच्या टोळ्या फिरत होत्याच. सुटकेबरोबर एक इंग्रजी नाव मिळालं, अंगभर कपडा मिळाला आणि धर्म मिळाला. या मिशनने तुमचा जीव वाचवला हे खरं, आणि तुमचं आईने ठेवलेलं नाव पुसलं हेही खरं. यातल्या एका गोष्टीसाठी दुसरी झाकावी असं मला वाटत नाही.

शरणपुरात तुम्ही शिवण शिकता, वाचायला शिकता, भाकरी थापायला शिकता. प्रार्थनेची भाषा एक, वर्गातली दुसरी, विहिरीवरची तिसरी. नाशकात गेलात की पोरं ‘हबशी’ म्हणत मागे लागतात. १८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा डेव्हिड लिव्हिंग्स्टन इथे येतो, आणि पुढच्या वर्षी शरणपूरची नऊ मुलं त्याच्याबरोबर आफ्रिकेत जातात. त्यांतले काही परत दिसत नाहीत. पुढे इथलाच जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन विलायतेला जातो आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावून चालतो. ही बातमी शरणपुरात पोचते तेव्हा तुमचं लग्न झालेलं आहे. नवरा इथलाच, तुमच्यासारखाच पकडलेला आणि सोडवलेला. लोहारकाम येतं, बायबल येतं. कडेवर एक मूल आहे आणि दुसऱ्याची चाहूल.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांना तुम्ही कधी भेटला नाहीत, पण तुमचं पुढचं आयुष्य त्यांनी ठरवलं. हे गृहस्थ पूर्वी साताऱ्याला रेसिडेंट होते. १८७३ मध्ये ते झांझिबारच्या सुलतानाकडे गुलामांचा व्यापार थांबवण्याची बोलणी करायला गेले. त्याच वर्षी ५ जूनला करार झाला, झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. पण समुद्रावर सोडवलेल्या माणसांना उतरवायचं कुठे? फ्रिअर यांना नाशिकची मुलं ठाऊक होती. त्यांच्या जोरावर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वस्ती करा, असं त्यांनी सांगितलं. मिशनने प्राइसलाच मोंबासाला धाडलं, आणि त्या बेटासमोरच्या जमिनीवर वस्ती उभी राहू लागली. तिचं नाव फ्रिअरटाउन.

म्हणून तुम्ही कसारा घाट उतरणाऱ्या आगगाडीत बसता, बोरीबंदरला उतरता आणि मूल छातीशी धरून जहाजावर चढता. पहिल्या वेळी समुद्र ओलांडला तेव्हा तुम्ही माल होतात. आता तुम्ही प्रचारकाची बायको आहात. खालच्या बाजूला उतरायची पायरी दिसते तेव्हा मात्र पाय अडतो.

फ्रिअरटाउनजवळ एक कबर आहे. लुडविग क्रॅफ या पहिल्या मिशनऱ्याची बायको रोझिना १८४४ च्या जुलैमध्ये इथे ओली बाळंतीण असताना तापाने गेली. पाठोपाठ तिची तान्ही मुलगी गेली. आत डोंगरावर रबाई नावाचं ठाणं आहे, तिथे रेबमान या दुसऱ्या मिशनऱ्याचं बाळ गेलं, १८६६ मध्ये बायको एमा गेली, आणि तो स्वतः आता आंधळा झाला आहे. तुमच्या आधी या किनाऱ्यावर आलेल्या मिशनरी बायकांचा इतिहास असा आहे. तुमचे दिवस भरत आलेले असतात. बाळंतपण करायला शरणपूरचीच एक मैत्रीण येते, आणि तिचं तुम्ही करता.

मग एके सकाळी युद्धनौका येते. १८७५ मध्ये ‘थेटिस’ने एका खेपेत दोनशेहून जास्त माणसं इथे उतरवली. होड्या किनाऱ्याला लागतात. माणसं उतरत नाहीत, त्यांना उचलून काढावं लागतं. गुडघे मांड्यांपेक्षा जाड दिसतात. मुलांच्या डोक्यांवर खरूज, पायांत जखमा, डोळे कशावरच ठरत नाहीत. मिशनचे गोरे लोक यादी करत आहेत: बाप्ये इतके, बायका इतक्या, मुलं इतकी. तुम्ही यादीकडे बघत नाही. एक सहा-सात वर्षांची पोर वाळूत बसली आहे आणि कुणी जवळ गेलं की हात डोक्यावर घेते. फटका चुकवायची ती सवय तुम्हाला ओळखू येते.

पहिलं काम पाणी. कोमट पाण्याने जखमा धुवायच्या, हळूहळू, चिकटलेली चिंधी ओली करून सोडवायची. मग पेज, पातळ आणि थोडी थोडी, कारण उपाशी पोटात एकदम अन्न गेलं तर माणूस दगावतं. मग कापड. बाजारातून तागे येतात, आणि शरणपुरात शिकलेली शिवण इथे कामी येते. ती पोर तीन दिवस बोलत नाही. चौथ्या दिवशी ती एक शब्द उच्चारते, आणि तो तुम्हाला कळतो. ती तुमच्या विसरलेल्या भाषेतला आहे.

मोठमोठ्या मिशनऱ्यांची चरित्रं लिहिली गेली. माझ्या मते या वस्तीचं खरं काम इथे, या पाण्याच्या भांड्यापाशी झालं. प्रवचन नंतर. आधी कुणीतरी त्या मुलीला हे दाखवायला हवं होतं की पकडलेली मुलगी जिवंत राहते, मोठी होते, तिला नवरा असतो, स्वतःची चूल असते आणि पाटीवर अक्षर काढता येतं. विलायतेहून आलेल्या कुणाही बाईला ते दाखवता आलं नसतं.

चुलीची चिंता लवकर मिटते. इथे ‘म्टामा’ पिकतो, तो म्हणजे आपली ज्वारी. जातं नाही, लाकडी उखळात धान्य कांडायचं. पीठ जाडंभरडं येतं, भाकरीच्या कडा फाटतात, पण भाकरी होते. तुमची मुलं ती नारळाच्या दुधातल्या कालवणाशी खातात आणि स्वाहिलीत अजून मागतात. रात्री नवऱ्याशी तुम्ही नाशकातल्यासारखं बोलता. मुलांना ती भाषा कळते, पण ती उत्तर त्या भाषेत देत नाहीत.

किनाऱ्यावरचे लोक तुम्हाला आपलं मानत नाहीत. तुमची साडी-चोळी, बोलणं, चालणं त्यांना परकं. गोऱ्यांना तुम्ही ‘बॉम्बे आफ्रिकन’. शिक्षक, लोहार, दुभाषी, प्रचारक, सगळं तुम्हीच, आणि तरी पगार, घर आणि अधिकार यांत कायम एक पायरी खाली. १८८० च्या सुमारास वस्तीतल्या माणसांना फटके मारण्यापर्यंत मजल गेली. तक्रारी झाल्या, आणि प्राइसला पुन्हा यावं लागलं. गुलामीतून सोडवलेल्यांना धर्माच्या नावाने चाबूक दाखवला गेला, ही त्या मिशनच्या माथ्यावरची नामुष्की आहे.

नवऱ्याची बदली होते आणि तुम्ही रबाईला जाता. १८८४ चा दुष्काळ येतो. मूठभर धान्यासाठी लोक पोटची मुलं गहाण टाकतात. त्याच काळात आसपासच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रबाईत आसरा मागू लागतात. इथला प्रमुख विल्यम जोन्स, शरणपूरचाच. परत पाठवा, असा मालकांचा दबाव आहे, आणि मिशनलाही भांडण नको आहे. जोन्स त्यांना ठेवून घेतो. निर्णय त्याचा, पण रात्री दार वाजतं ते तुमचं, आणि अंगणात बसलेल्या बाईच्या पाठीवरचं मूल उतरवून घेता ते तुम्ही.

१८८५ मध्ये मिशनचा बिशप हॅनिंग्टन हा जोन्स आणि इश्माएल सेम्लर या दोघांना पाद्रीपदाची दीक्षा देतो. जुलैमध्ये तो जोन्सला आणि सुमारे दोनशे हमालांना घेऊन मसाई मुलखातून युगांडाकडे निघतो. वाटेत जोन्सला बहुतेक माणसांसह मागे ठेवून तो पन्नासेक जण घेऊन पुढे जातो. २९ ऑक्टोबरला त्याला आणि त्याच्या जवळजवळ सगळ्या सोबत्यांना ठार केलं जातं. रबाईला हे लगेच कळत नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये तांडा परत येतो, चिंध्या पांघरलेला. पुढे निळं निशाण, त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द: ईखाबोद. बायका धावतात, एकेका चेहऱ्यात आपला माणूस शोधतात, आणि रांग संपली की आक्रोश उठतो. तुम्हाला वाचता येतं म्हणून तो शब्द आधी तुम्हाला लागतो. बायबलात हे नाव एका बाळंतिणीने ठेवलेलं आहे. नवरा लढाईत पडल्याचं ऐकून तिला वेळ आली, आणि मरता मरता तिने मुलाला ते नाव दिलं. वैभव गेलं, असा त्याचा अर्थ. निशाणाकडे बघत उभं राहायला तुम्हाला सवड नाही. विधवा झालेल्यांची मुलं तुमच्या घरी जेवणार आहेत.

तीन वर्षांनी, १ जानेवारी १८८९ रोजी, रबाईत कागद वाटले जातात. ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे देऊन मिशनच्या ठाण्यांवरच्या सुमारे १,४०० पळून आलेल्या गुलामांना कायद्याने मोकळं केलं आहे. ज्यांना तुम्ही वर्षानुवर्षं लपवलंत ती माणसं कागद हातात घेऊन बघतात. अनेकांना तो वाचता येत नाही. तुम्ही वाचून दाखवता.

पुढची वर्षं तुमच्या माणसांना चांगली गेली नाहीत. विलायतेहून नवे मिशनरी आले, बॉम्बे आफ्रिकन माणसं त्यांना फार शिकलेली आणि फार स्वाभिमानी वाटली, आणि एकेक जण बाजूला होत गेला. तुमची मुलं तिथलीच झाली.

आता परत या. फ्रिअरटाउनची घंटा मोंबासात अजून जपलेली आहे आणि ती कशासाठी वाजायची हे तिथे सांगितलं जातं. नाशकात शरणपूर रोड आहे, रोज हजारो माणसं त्यावरून जातात. नाशिककरांना माझी विनंती आहे, त्या रस्त्यावर एक फलक लावा आणि त्यावर या मुलामुलींची हकीकत मराठीत लिहा. आणि देवगाव रंगारीच्या शिक्षकांनो, खुलताबादच्या सहलीत मलिक अंबराची गोष्ट सांगाल तेव्हा आफ्रिकेतून येऊन नाशकात वाढलेल्या, आणि आफ्रिकेत परत जाऊन इतरांच्या मुलांना आई झालेल्या या बायकांचीही गोष्ट सांगा.